‘ठोका’चा खर्च

उत्तरेश्वर माने या माणसाबद्दल खराडीतल्या त्याच्या ऑफिसात दोन गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. मीटिंग संपली की खोलीतले दिवे आणि एसी बंद करून तो सगळ्यांत शेवटी बाहेर पडतो, वीज कंपनीची असली तरी. आणि तो सहजासहजी हो म्हणत नाही, पण एकदा म्हणाला की त्याला आठवण करून द्यावी लागत नाही. परंड्याकडच्या गावातून तो डिप्लोमासाठी पुण्यात आला, त्याला आता चोवीस वर्षं झाली. हॉस्टेलच्या क्लार्कने पहिल्याच दिवशी फॉर्म वाचून, “एवढं नाव रोज हाक मारायला ठेवलंय, की सणासुदीपुरतं?” असं विचारलं होतं. पुण्याने त्याचं स्वागत केलं ते एवढंच. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. मनाला लावून घेणं हाही एक खर्चच, आणि खर्चाच्या बाबतीत हा गडी फार सावध.

त्याचं नाव न तोडता पूर्ण घेणारा पहिला पुणेकर म्हणजे केयूर गद्रे. कर्वेनगरचा, त्याच्याच वर्गातला. हा खर्चाच्या बाबतीत अगदी उलटा. चांगली चाललेली नोकरी सोडून त्याने व्हिडिओ गेम करायचं डोक्यात घेतलं, आणि तेही मोबाइलवरचे नाहीत, टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलचे. उत्तरेश्वर आपली नोकरी सांभाळून त्याचा भागीदार झाला. गेम केयूरने बनवायचा. कागदपत्रं, परवाने, कन्सोलच्या कंपनीशी पत्रव्यवहार उत्तरेश्वरने बघायचा. तांब्याची भांडी घडवणाऱ्या कोंडीरामचा कसबा पेठेत कारखाना आहे, त्याच्या वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली. खाली दिवसभर हातोड्या चालायच्या, म्हणून भाडं कमी होतं. उत्तरेश्वरला खोली आवडली ती भाड्यासाठी आणि केयूरला आवडली ती हातोड्यांसाठी.

त्या हातोड्यांतूनच ‘ठोका’ तयार झाला. या गेममध्ये पडद्यावर जवळजवळ काही दिसत नाही. दिवे गेलेल्या पेठेतल्या अंधाऱ्या बोळांतून खेळणाऱ्याने घर गाठायचं, आणि वाट दाखवायला फक्त कुठूनतरी येणारा तांब्यावरचा ठोका. आवाज डावीकडून आला की डावीकडे वळायचं. आवाज थांबला की आपणही थांबायचं, कारण तो थांबतो तेव्हा बोळात आपल्याशिवाय आणखी कोणीतरी असतं. बोळाच्या शेवटी एक दार येतं. दारावर थाप मारली की आतून केयूरच्या स्वतःच्या आवाजात एकच शब्द ऐकू येतो, “कोण?” मग बटण दाबलं की दार उघडतं. हा आवाज फक्त पहिल्या खेपेला. दुसऱ्यांदा खेळायला बसलात तर दार आधीच उघडं सापडतं. केयूरचं म्हणणं होतं की घरच्या माणसाला कोण म्हणून कोणी रोज विचारत नाही.

गेम झाला छान. पण तो लोकांच्या घरी पोचवायचा खर्च कोणी करायचा, यावरून दोघांचं वाजलं. पूर्वी गेमची डिस्क विकत मिळायची. डिस्क, तिची डबी, टेम्पो, दुकानदार, सगळ्यांचा वाटा किमतीत धरलेला असे आणि कोणाच्या डोक्याला ताप नसे. आता डिस्क गेली. गेम कन्सोलच्या कंपनीच्या यंत्रांवर कुठेतरी परदेशात पडून असतो आणि घरबसल्या डाउनलोड होतो. डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून सगळ्यांना तो फुकट आल्यासारखा वाटतो. पण त्या यंत्रांना वीज लागते, तारा लागतात, आणि ते बिल कोणाच्या तरी नावावर चढतंच. तर कंपनीने नियम काढला. विकलेल्या गेममधला तीस टक्के वाटा आमचा. शिवाय गेमचा जो भाग तुम्ही फुकट वाटाल, त्याच्या प्रत्येक डाउनलोडचा खर्च तुमचा, आणि तो गेमच्या वजनाप्रमाणे. काही महिने सवलत देऊ, मग करार करू.

केयूरला पहिला बोळ फुकटच ठेवायचा होता.

“रुपयातले तीस पैसे कंपनी घेतेच ना?” उत्तरेश्वर म्हणायचा. “पोचवायचा खर्च त्यातच धरायला पाहिजे. नाहीतर खेळणाऱ्याने द्यावा. करायचं पण आपण आणि नेऊन द्यायचं पण आपणच?”

“घरी बोलावलेल्या माणसाकडून तू रिक्षाचे पैसे मागतोस का, उत्तरेश्वर?”

“मागत नाही. पण रिक्षाने ये असं त्याला सांगतही नाही.”

खरं तर गेमचं सगळं वजन आवाजाचं होतं. आवाज दाबून लहान केला असता तर गेम दहाव्या हिश्श्यावर आला असता, आणि खर्चही. केयूर ऐकायला तयार नव्हता. तांब्याचा आवाज दाबला की पत्र्याचा होतो, हे त्याचं ठरलेलं उत्तर. गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी हा वाद फार चिघळला. उत्तरेश्वर जिना उतरता उतरता वर बघून म्हणाला, “तुझा आवाज, तुझा खर्च. मला यात धरू नकोस.” केयूर वरून काही बोलला, पण खालच्या ठोक्यांमध्ये ते ऐकू आलं नाही. रविवारी पहाटे केयूर झोपेतच गेला. बेचाळीस वर्षांचा होता, दुखणं म्हणून काही नव्हतं. तो काय बोलला असेल याचा विचार उत्तरेश्वरने त्यानंतर किती वेळा केला असेल, ते त्याचं त्यालाच माहीत.

दहावा ओंकारेश्वराला नदीकाठी झाला. पिंड मांडून झाले, गुरुजींनी सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. कावळे होते, पाच-सहा तरी असतील, पण भिंतीवर ओळीने बसून राहिले. एकही खाली उतरेना. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि तसं वचन द्यायचं, म्हणजे कावळा शिवतो. नाशिकहून आलेली केयूरची बहीण पूर्णिमा पुढे झाली आणि, “आईला मी बघीन, दादा,” म्हणून रडली. कावळे हलले नाहीत. मामा काहीतरी बोलले, चुलतभाऊ बोलला. अर्धा तास झाला. शेवटी गुरुजी घड्याळ बघत दर्भाचा कावळा करू म्हणाले. तेव्हा उत्तरेश्वर पुढे गेला. तो पुटपुटला, “केयूर, गेम बंद पडू देणार नाही. खर्च माझा.” त्याचं वाक्य पुरं होतंय तोवर मधला एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच लावून गेला.

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. नम्रता बँकेत आहे, कर्जाच्या कागदांवर सह्या घेण्यात तिची वीस वर्षं गेली आहेत. ती म्हणाली, “अहो, कावळ्यापुढे बोलण्याआधी रक्कम तरी विचारायची.”

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. सवलत संपली. एकतीस तारखेच्या आत नवीन करारावर सही करा, नाहीतर ‘ठोका’ आमच्या दुकानातून कायमचा काढला जाईल. काढला की तो नव्याने कोणालाच मिळणार नाही. करारात खर्चाला वरची मर्यादा नव्हती. जितके डाउनलोड होतील तितक्यांचे पैसे भरायचे, कितीही झाले तरी. नम्रताने तो करार दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला. “असल्या कागदावर मी गिऱ्हाइकालाही सही करू देत नाही,” ती म्हणाली. “उद्या एखाद्याने रोज शंभरदा उतरवला तर? आपल्या सृष्टीचं कॉलेज पुढच्या वर्षी सुरू होतंय. शब्द दिलात ते ठीक आहे. ज्यांना दिलात ते आता काही विचारायला येणार नाहीत.”

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे हे उत्तरेश्वरला पटत होतं, आणि सही केली नाही तर आपण दोनदा शब्द फिरवलेला माणूस होऊ, हेही त्याला कळत होतं. जिन्यावरचं ते वाक्य, आणि आता हे.

पत्राबरोबर कंपनीने डाउनलोडच्या यादीची लिंक पाठवली होती; यादी रोज पुढे भरत जायची. प्रत्येक कन्सोलचा नंबर, तारीख, वेळ. यादी तशी लहानच होती. चारेकशे कन्सोल, प्रत्येकावर एकदा, फार तर दोनदा. फक्त एका नंबरासमोर एकशे छप्पन्न डाउनलोड होते. रोज एक. रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. एकही दिवस चुकलेला नव्हता, दिवाळीतलाही नाही.

शेवटचे तीन आकडे चारशे सतरा होते. हा नंबर उत्तरेश्वरला पाठ होता. गेम करणाऱ्यांना कंपनी तपासणीसाठी कन्सोल देते, तसे या दोघांना दोन मिळाले होते. चारशे अठरा उत्तरेश्वरच्या घरी होता. चारशे सतरा केयूरचा. त्याने पहिली तारीख पाहिली आणि कॅलेंडर काढून दिवस मोजले. रोजचा हा डाउनलोड सुरू झाला होता केयूर गेल्याच्या अकराव्या दिवशी.

त्याने यादी मिटली आणि उठून खोलीतला दिवा लावला. भर दुपार होती.

कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये आता केयूरची आई एकटी राहते. विमलाबाई, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका. फोनवर व्हिडिओ कॉल आला की त्या फोन कानाला लावतात. त्या कन्सोल चालवत असतील हे उत्तरेश्वरच्या मनातसुद्धा आलं नाही. पूर्णिमा नाशिकला. घरात दुसरं कोणी नाही. कोणीतरी जाऊन बघायला हवं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे तोच, हे उघड होतं. पण दहाव्यानंतर तो त्या घरी गेलाच नव्हता. जिन्यावरचं वाक्य घेऊन त्या माउलीसमोर बसायचं कसं? त्याने आठ दिवस टाळलं. त्या आठ दिवसांत त्याने एक पळवाट काढून पाहिली. कसब्यातल्या खोलीत जाऊन केयूरच्या लॅपटॉपवर आवाज दाबला आणि गेम लहान केला. ठोका खरोखरच पत्र्याचा झाला. दारामागचा “कोण?” ऐकला, तर तो केयूरचा राहिला नव्हता. दुसरंच कोणीतरी आतून विचारत होतं. त्याने घाईघाईने ती फाइल पुसून टाकली.

शनिवारी पावणेसहाला तो कर्वेनगरला पोचला. दार विमलाबाईंनीच उघडलं. “ये, उत्तरेश्वर,” म्हणाल्या, जणू तो कालच येऊन गेला होता. हॉलमध्ये दिवा लावलेला नव्हता. बाहेर अजून उजेड होता, पण आत माणसाचा चेहरा नीट दिसत नव्हता. चहा घेणार का म्हणून त्यांनी विचारलं नाही. पुणेकर असलं तरी हे त्या घराच्या रीतीला धरून नव्हतं. त्या टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि त्याला शेजारची खुर्ची दाखवून म्हणाल्या, “बस. आत्ता बोलू नकोस, मग बोलू.”

सहा वाजून दहा मिनिटांनी कन्सोलवरचा दिवा लागला. कोणी हात लावला नव्हता. आतला पंखा फिरायला लागला आणि टीव्ही आपोआप उजळला. पडद्यावर प्रश्न होता, ‘ठोका’ पुन्हा डाउनलोड करायचा का. विमलाबाईंनी मांडीवरचा कंट्रोलर उचलला, चष्म्यावरून बघितलं आणि हो म्हटलं. वीस मिनिटं दोघं गप्प बसून पडद्यावरची निळी रेघ सरकताना बघत राहिले. मग रेघ संपली, खोलीत काळोख आणि ठोके सुरू झाले. त्या सराईतपणे डावीकडे, उजवीकडे वळत गेल्या. एका ठिकाणी ठोका थांबला, तेव्हा त्याही थांबल्या. हा गेम उत्तरेश्वरने दोनशे वेळा खेळला होता आणि ठोका या वळणावर थांबत नाही हे त्याला माहीत होतं. मग तो पुन्हा सुरू झाला. दार आलं. त्यांनी थाप मारली.

“कोण?” केयूर म्हणाला.

“मी रे. आई.”

दार उघडलं. त्या आत गेल्या नाहीत. गेम पुसून टाकला, कंट्रोलर खाली ठेवून उठल्या, देवापाशी निरांजन लावलं, मग हॉलचा दिवा लावला. उजेडात त्या अगदी नेहमीच्या विमलाकाकू होत्या.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं, काकू?”

“त्यानेच. गेम करणं चालू होतं ना, तेव्हा रोज संध्याकाळी माझं हे काम असायचं. आहे तो पुसायचा, पुन्हा उतरवून घ्यायचा आणि पहिल्यांदाच खेळणाऱ्यासारखं खेळायचं. कुठे अडखळले ते सांगायचं. म्हणायचा, आई, तू शिकलीस की जगात कोणीही शिकेल.” त्या थोडंसं हसल्या. “पुसल्याशिवाय तो कोण म्हणून विचारत नाही.”

“पण सुरू कसा होतो तो? वेळ तुम्ही लावलीये?”

“मला कुठे लावता येतं ते? दिवा लागतो तेव्हा मी येऊन बसते. विचारतो तो. मी फक्त हो म्हणते.”

उत्तरेश्वरने कंट्रोलर घेऊन सगळ्या सेटिंग्ज उघडून पाहिल्या. कुठलीही वेळ लावलेली नव्हती. त्याने दोनदा तपासलं आणि कंट्रोलर ठेवून दिला.

खर्चाचं तो बोलणार नव्हता, पण त्यांनी शिक्षिकेच्या सवयीने एकेक प्रश्न विचारून सगळं काढून घेतलं. कशाला आलास? कंपनीचा कागद आलाय. कसला? असा असा. म्हणजे मी हो म्हटलं की दर वेळी पैसे पडणार? हो. कोणाला?

“मला,” उत्तरेश्वर म्हणाला. “दहाव्याला मी तसं बोललो होतो, काकू. तेव्हाच कावळा शिवला.”

“ऐकलं होतं मी,” त्या म्हणाल्या. “मी मागे खुर्चीत बसले होते. पण त्याच वेळी मीही मनातल्या मनात बोलले होते रे. मी म्हटलं, बाळा, तू जा आता. माझ्यासाठी थांबू नकोस. मी तुला परत बोलावणार नाही. मला वाटलं कावळा माझ्या बोलण्यावर उतरला. आणि दुसऱ्याच दिवशी दिवा लागला. त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं. रोज हो म्हणते. शब्द मी मोडला, आणि पैसे भरायचे तू?”

त्यावर उत्तरेश्वरला खूप काही बोलायचं होतं. जिन्यावर आपण काय बोललो तेही सांगायचं होतं. ते त्याने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्या उठून टीव्हीच्या मागे गेल्या, बटण बंद केलं, वायर काढली, तिची नीट गुंडाळी करून कन्सोलवर ठेवली. “आता मी नाही बोलावणार,” म्हणाल्या. “तू त्या कागदावर सही करू नकोस. संपलं ते.”

रविवारी चारशे सतरासमोर काही नव्हतं. सोमवारीही नव्हतं. मंगळवारी सकाळी ऑफिसात उत्तरेश्वरने पुन्हा यादी उघडली. दोन दिवसांत दोन डाउनलोड झाले होते. सहा वाजून दहा मिनिटांनी. चारशे अठरा.

तो वारज्याला राहतो. सोमवारी सहा वाजता तो खराडीत होता, नम्रता बँकेत, आणि सृष्टी क्लासला. रविवारी तिघंही पाहुण्यांकडे गेले होते. घराला कुलूप होतं. कंट्रोलर तर सृष्टीची बारावी म्हणून नम्रताने जूनमध्येच कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला होता, आणि त्यातली बॅटरी तेव्हापासून मेलेली होती. उत्तरेश्वरने कंपनीच्या मदतकेंद्राकडे चॅटवर विचारणा केली. पलीकडच्याने फार नम्रपणे सांगितलं की या खात्याला दोन कन्सोल जोडलेले आहेत; एक बंद झाला की सूचना दुसऱ्याकडे जाते, यात काही बिघाड नाही. उत्तरेश्वरने लिहिलं, सूचना येऊ दे, पण तिला हो कोणी म्हटलं? उत्तर आलं, ‘खेळणाऱ्याने, सर.’

भीती तर होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी त्याला आता स्पष्ट दिसत होतं. आईने सोडलं होतं. आपण कुठे सोडलं होतं? दोन शब्द एकाच वेळी दिले गेले होते. एक सोडणारा आणि एक धरून ठेवणारा. आईने तिचा शब्द अखेर पाळला. राहिला तो त्याचाच.

एकतीस तारखेला तो दुपारीच ऑफिसातून निघाला. घरी कोणी नव्हतं. त्याने कपाट उघडून पाहिलं. कंट्रोलर वरच्या फळीवर होता, धूळ बसलेला. तो तसाच ठेवून तो हॉलमध्ये येऊन बसला. कन्सोलची वायर काढून टाकावी असं त्याला दोनदा वाटलं आणि दोनदा तो उठलाही. पण मग हा कुठे जाईल, असा विचार येऊन तो परत बसला.

सहा वाजून दहा मिनिटांनी दिवा लागला. टीव्ही उजळला. पुन्हा डाउनलोड करायचा का, हा प्रश्न आला, आणि त्याच्याखाली हो आणि नाही. निवडीची चौकट नाहीवर होती. ती काही क्षण तिथेच राहिली, मग होवर सरकली, आणि निळी रेघ सुरू झाली.

दारात किल्ली फिरली. नम्रता आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिने टीव्हीकडे पाहिलं, नवऱ्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. ती सरळ आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“मुदत आजच आहे ना?” तिने विचारलं.

“रात्री बारापर्यंत.”

“मग बसलात काय? करा सही.”

त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सही केली. करार गेल्याचा निरोप लगेच आला. नम्रता त्याच्या शेजारी येऊन बसली. गेल्या पाच महिन्यांत या विषयावर तिने एकही मऊ शब्द काढला नव्हता. तिने पदर सारखा केला, पाहुण्यांसमोर करते तसा, आणि सरकणाऱ्या रेघेकडे बघून हळूच म्हणाली, “भाऊजी, काकूंकडे आता जाऊ नका. इथे येत जा. खर्चाचं आम्ही बघतो.”